दूरचिकित्सा : डॉक्टर पडद्यावर, पण रुग्णाजवळ कोण?

दुर्गम भागात राहणाऱ्या नागरिकाला तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला मिळणे ही आपल्या देशात आजही सहजसाध्य गोष्ट नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या ग्रामीण आरोग्यविषयक आकडेवारीनुसार, ३१ मार्च २०२२ रोजी ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये आवश्यकतेच्या तुलनेत शल्यचिकित्सकांची ८३.२ टक्के, बालरोगतज्ज्ञांची ८१.६ टक्के, फिजिशियनची ७९.१ टक्के, तर स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांची ७४.२ टक्के कमतरता होती. महाराष्ट्रात ज्यांना आपण ग्रामीण रुग्णालये म्हणतो, ती याच श्रेणीत मोडतात. याचा सरळ अर्थ असा, की आजारी बालकाला घेऊन तालुक्याच्या गावी पोहोचलेल्या आईला तेथेही बालरोगतज्ज्ञ भेटेलच, याची शाश्वती नाही. तिला पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, प्रवासखर्च होतो आणि अनेकदा मुक्कामही करावा लागतो. पुष्कळ कुटुंबे हा दुसरा प्रवास करीतच नाहीत.

रुग्णाला डॉक्टरांकडे नेणे कठीण असेल, तर डॉक्टरांचा सल्ला रुग्णाकडे नेता येईल काय, या प्रश्नातून दूरचिकित्सेची कल्पना पुढे आली. इंग्रजीतील ‘टेलिमेडिसिन’ या शब्दासाठी मराठीत दूरचिकित्सा, दूरवैद्यक असे शब्द वापरले जातात. ‘टेलिहेल्थ’ची व्याप्ती त्याहून मोठी आहे. आरोग्यशिक्षण, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि समुपदेशन यांचाही त्यात समावेश होतो. मात्र ‘दूर’ या उपसर्गामुळे सारे लक्ष दूरच्या डॉक्टरांकडे आणि त्यांना जोडणाऱ्या यंत्राकडे जाते. भारतातील गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव पाहिला, तर ही सेवा कोठे टिकली आणि कोठे बंद पडली, याचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला, म्हणजे रुग्णाच्या शेजारी कोण होते आणि त्यांच्या हाताशी काय होते, यात सापडते.

उपग्रहाचा काळ

भारतातील दूरचिकित्सेच्या प्रारंभीच्या प्रयोगांपैकी सर्वाधिक चर्चा झाली ती आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यातल्या अरगोंडा या गावाची. अपोलो रुग्णसमूहाचे संस्थापक डॉ. प्रताप रेड्डी यांच्या या मूळ गावातील रुग्णालयात सुरू झालेल्या दूरचिकित्सा केंद्राचे औपचारिक उद्घाटन मार्च २००० मध्ये, अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या भारतभेटीच्या वेळी झाले. पुढल्या वर्षी, २००१ मध्ये, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजेच इस्रोने, आपला दूरचिकित्सा प्रकल्प प्रायोगिक स्वरूपात हाती घेतला. इन्सॅट मालिकेतील उपग्रहांद्वारे जिल्हा व ग्रामीण रुग्णालये मोठ्या शहरांतील विशेषोपचार रुग्णालयांशी जोडण्यात आली. कर्नाटकातील चामराजनगरचे जिल्हा रुग्णालय बंगळुरूच्या नारायण हृदयालयाशी जोडले गेले. अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, येथील गोविंद वल्लभ पंत रुग्णालय हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरील चेन्नईशी २००२ मध्ये जोडले गेले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने बेटांवर हाहाकार माजवला, तेव्हा हा दुवा उपयोगी पडला.

महाराष्ट्रातही त्याच दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तज्ज्ञांचा सल्ला नंदुरबार, सिंधुदुर्ग यांसारख्या जिल्ह्यांच्या रुग्णालयांना उपग्रहामार्फत उपलब्ध करून देण्यात आला. दशकाच्या अखेरीस इस्रोच्या जाळ्यातील रुग्णालयांची संख्या तीनशेच्या पुढे गेली होती.

या प्रयोगाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. हृदयाचा आलेख, क्ष-किरण प्रतिमा आणि रुग्णाशी प्रत्यक्ष संवाद हे सारे उपग्रहामार्फत पाठविता येते आणि त्याआधारे उपचाराचा निर्णय घेता येतो. तरीही अनेक ठिकाणची केंद्रे काही वर्षांतच मंदावली. उपकरणे महागडी होती आणि त्यांची दुरुस्ती स्थानिक पातळीवर होण्याजोगी नव्हती. प्रशिक्षित तंत्रज्ञाची बदली झाली, की यंत्र झाकून ठेवले जाई. शहरातील तज्ज्ञांची वेळ आणि ग्रामीण रुग्णाची वेळ जुळवणे हे स्वतंत्र काम होते, परंतु ते कोणाच्याही कर्तव्यसूचीत नव्हते. आणखी एक अडचण अशी, की ही केंद्रे बहुतांशी जिल्हा रुग्णालयांत होती. पाड्यावरून तेथवर पोहोचण्याचा पहिला आणि सर्वांत अवघड प्रवास रुग्णाला करावाच लागत होता.

तामिळनाडूतील दृष्टिकेंद्रे

याच काळात तामिळनाडूत एक वेगळी वाट चोखाळली गेली. तिची वाच्यता तुलनेने कमी झाली, म्हणून ती थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराई येथे अवघ्या ११ खाटांनिशी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. खेडोपाडी नेत्रशिबिरे भरवूनही गरजू लोकांपैकी फार थोडेच शिबिरापर्यंत येतात, हे या संस्थेच्या लक्षात आले होते. त्यामुळे २००४ च्या सुमारास लहान गावांमध्ये कायमस्वरूपी ‘दृष्टिकेंद्रे’ उघडण्यास सुरुवात झाली. थेनी येथील रुग्णालय आणि परिसरातील केंद्रे जोडण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांच्या व इंटेल कंपनीच्या साहाय्याने लांब पल्ल्याची वायफाय यंत्रणा उभारण्यात आली. उपग्रहाच्या तुलनेत तिचा खर्च फारच कमी होता.

मात्र या केंद्रांचे खरे वैशिष्ट्य यंत्रणेत नाही, मनुष्यबळात आहे. केंद्रात डॉक्टर नसतात. तेथे असतात त्या प्रशिक्षित नेत्रतंत्रज्ञ. यांत बहुसंख्य ग्रामीण भागातील तरुणी असून, संस्थेतच त्यांना दीर्घ प्रशिक्षण दिले जाते. येणाऱ्या रुग्णाची दृष्टी तपासणे, स्लिट लॅम्प या उपकरणाने डोळ्याची तपासणी करणे, डोळ्यातील दाब मोजणे ही कामे त्या करतात. त्यानंतर मुख्य रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ ती माहिती पाहून रुग्णाशी पडद्यावरून बोलतात आणि निदान करतात. चष्म्याची गरज असेल, तर तो केंद्रातूनच मिळण्याची व्यवस्था असते. मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रियेसाठी मुख्य रुग्णालयात पाठविले जाते आणि रुग्ण शस्त्रक्रियेहून परतल्यावर पुढील तपासण्या पुन्हा गावाजवळच होतात. डॉक्टरांचा वाटा काही मिनिटांचा असला, तरी त्याआधीची तपासणी आणि त्यानंतरचा उपाय या दोन्ही गोष्टी त्याच छताखाली होतात. संस्थेची अशी शंभराहून अधिक केंद्रे आज कार्यरत आहेत.

उपग्रहाच्या जाळ्याला जे साधले नाही, ते येथे का साधले, याचे उत्तर या वर्णनातच दडलेले आहे.

कायद्याची संदिग्धता

तंत्रज्ञान स्वस्त होत गेले, मोबाइल दूरध्वनी खेडोपाडी पोहोचले, तरी एक प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला होता. प्रत्यक्ष न तपासलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी दूरध्वनीवरून औषध सांगणे कायदेशीर आहे काय? रत्नागिरी येथील एका प्रसूत महिलेच्या मृत्यूप्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये दोन डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा निदानाविना दूरध्वनीवरून औषधे सुचविण्याच्या पद्धतीवर न्यायालयाने कठोर शब्दांत बोट ठेवले होते. हा आदेश जामिनापुरता होता. तरीही देशभरातील डॉक्टरांमध्ये त्याने अस्वस्थता निर्माण केली आणि स्पष्ट नियमांची मागणी जोर धरू लागली.

हे नियम आले ते कोविड महासाथीच्या काळात. देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेचा कारभार पाहणाऱ्या नियामक मंडळाने निती आयोगाच्या सहकार्याने तयार केलेली दूरचिकित्सा मार्गदर्शक तत्त्वे जारी करण्यात आली. त्यांनुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर चित्रसंवाद, ध्वनी किंवा लेखी संदेश या माध्यमांतून सल्ला देऊ शकतो. औषधांची वर्गवारी करण्यात आली आहे. ताप-खोकल्यावरील साधी, दुकानात सहज मिळणारी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचविता येतात. काही औषधे पहिल्या भेटीत केवळ चित्रसंवादानंतरच लिहून देता येतात. काही औषधे आधीच्याच आजाराच्या पुढील सल्ल्यावेळीच देता येतात, तर अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे दूरसल्ल्याने देण्यास मनाई आहे. औषधचिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. दूरसल्ला पुरेसा नाही असे वाटल्यास तो कोणत्याही क्षणी थांबवून रुग्णाला प्रत्यक्ष तपासणीसाठी बोलावण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे. या शेवटच्या तरतुदीला व्यवहारात फार महत्त्व आहे. पोटात असह्य दुखणाऱ्या रुग्णाचे पोट दाबून पाहण्याला पडद्यावर पर्याय नाही.

ई-संजीवनी

केंद्र सरकारची ई-संजीवनी ही सेवा या मार्गदर्शक तत्त्वांच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली होती. मोहाली येथील प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, ती विकसित केली आहे. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात रुग्ण आपल्या गावाजवळील आरोग्य केंद्रात जातो आणि तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याला मोठ्या केंद्रातील डॉक्टरांशी जोडून देतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे १३ एप्रिल २०२० पासून सुरू झालेल्या बाह्यरुग्ण सेवेत, नागरिक आपल्या मोबाइलवरून थेट डॉक्टरांशी बोलू शकतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. आरोग्य मंत्रालयाच्या त्या वेळच्या माहितीनुसार, लाभार्थींमध्ये ५७ टक्क्यांहून अधिक महिला होत्या. आंध्र प्रदेशाने एकट्याने तीन कोटींहून अधिक सल्ल्यांची नोंद केली होती. महाराष्ट्राचा आकडा ४७ लाखांच्या वर होता. या संख्यांमध्ये एक गोष्ट आवर्जून पाहण्यासारखी आहे. बहुतांश सल्ले पहिल्या प्रकारातील, म्हणजे आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्याच्या मदतीने घेतलेले आहेत. स्वतःच्या मोबाइलवरून थेट संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण त्यामानाने अल्प आहे. दुर्गम भागातील नागरिकाच्या हाती स्मार्टफोन आला की डॉक्टर आपोआप त्याच्यापर्यंत पोहोचतील, हा समज या आकडेवारीपुढे टिकत नाही.

समुदाय आरोग्य अधिकारी हे पद तुलनेने नवे आहे. छत्तीसगडमधील बीजापूर जिल्ह्यातल्या जांगला येथे १४ एप्रिल २०१८ रोजी देशातील पहिल्या आरोग्य व निरामयता केंद्राचे उद्घाटन झाले. या केंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव देण्यात आले आहे. मैदानी प्रदेशात साधारण पाच हजार, तर डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक या प्रमाणात असलेल्या उपकेंद्रांचे रूपांतर या केंद्रांत करण्यात आले. तेथे परिचर्या किंवा आयुर्वेदाची पदवी आणि सामुदायिक आरोग्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती नेमली जाते. रक्तदाब, रक्तातील साखर आणि ताप मोजून ही व्यक्ती रुग्णाची माहिती संगणकावर भरते, योग्य तज्ज्ञ निवडते आणि चित्रसंवादाच्या वेळी रुग्णाजवळ बसते. सल्ल्यानंतर औषधचिठ्ठी त्याच क्षणी केंद्रात उपलब्ध होते. तीतील औषध केंद्राच्या कपाटात असेल, तर रुग्ण ते घेऊनच घरी परततो.

भाषेचा दुवा

येथे एका मुद्द्याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. दूरचिकित्सेच्या बहुतेक चर्चांमध्ये इंटरनेटच्या वेगाचा उल्लेख असतो, भाषेचा क्वचितच. मेळघाटातील वृद्ध कोरकू बोलते, धडगावच्या डोंगरात पावरी बोलली जाते, भामरागडात माडिया आणि बीजापूरमध्ये गोंडी. पडद्यावरील डॉक्टर मात्र नागपूर, नाशिक किंवा रायपूर येथे बसलेले असतात आणि त्यांची भाषा मराठी किंवा हिंदी असते. प्रत्यक्ष भेटीत हावभाव आणि बोटाने दाखविलेली जागा भाषेची उणीव काही प्रमाणात भरून काढतात. लहानशा पडद्यावर, अडखळणाऱ्या चित्रात, तो आधारही उरत नाही.

अशा वेळी भाषांतराचे काम आरोग्य सेविका किंवा आशा स्वयंसेविका करतात आणि ते काम वरवर दिसते तितके सोपे नाही. मराठीतही ‘छातीत धडधडते’, ‘छाती भरून येते’ आणि ‘छातीत कळ येते’ यांत फरक आहे. डॉक्टरांच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरू शकतो. हे तिन्ही अनुभव मध्यस्थाने ‘छातीत त्रास’ एवढ्या एका शब्दप्रयोगात गुंडाळले, तर निदानाची दिशाच बदलते. उलट दिशेनेही तसेच घडते. ‘जेवणापूर्वी अर्धी गोळी’ ही सूचना दिवसातून एकदाच जेवणाऱ्या घरात कशी पोहोचवायची, हे स्थानिक कार्यकर्तीलाच कळते. वृत्तभाषांतरात शब्द चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध करता येते. येथे तशी सोय नाही. असे असूनही या दुभाषी कामाचे स्वतंत्र प्रशिक्षण किंवा मानधन यांचा विचार अभावानेच होतो.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात या बाबीची दखल तुलनेने लवकर घेतली गेली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या राष्ट्रीय सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीसह २० भाषांमधून समुपदेशन उपलब्ध करून देण्यात आले आहे. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था या उपक्रमाची प्रमुख मार्गदर्शक आहे. मनाच्या आजारात बोलणे हेच तपासणीचे मुख्य साधन असल्याने दूरध्वनी येथे विशेष उपयुक्त ठरतो. शिवाय गावात कोणाच्या नजरेस न पडता मदत घेता येते, हाही मोठाच दिलासा आहे.

सल्ल्यानंतर काय?

गोव्यातील एका योजनेचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यावर तातडीने उपचार करण्यासाठी गोवा सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये ही योजना सुरू केली. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे तिचे मुख्य केंद्र असून, राज्यातील सरकारी रुग्णालये व आरोग्य केंद्रे त्याला जोडलेली आहेत. छातीत कळ घेऊन आलेल्या रुग्णाचा ईसीजी केंद्रातच काढला जातो, तो लगेच तज्ज्ञांकडे पोहोचतो आणि झटक्याचे निदान पक्के होताच रक्तातील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथेच दिले जाते. त्यानंतर रुग्णाला बांबोळीला हलविण्यात येते. हृदयाच्या स्नायूंचे नुकसान मिनिटागणिक वाढत असल्याने वाचलेला प्रत्येक क्षण मोलाचा असतो. हे महागडे इंजेक्शन लहान केंद्रात ठेवलेले नसते, तर मुख्य केंद्रातून आलेले अचूक निदान केवळ एक वाईट बातमी ठरले असते.

सर्पदंशालाही हेच लागू होते. दूरवरील तज्ज्ञ प्रतिसर्पविषाची मात्रा सांगू शकतात, श्वासोच्छ्वासावर कसे लक्ष ठेवावे हे सांगू शकतात. मात्र लस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत असली पाहिजे आणि ती टोचणारे हात तेथे हवेत.

हिमाचल प्रदेशात, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवरील काझा आणि लाहौल खोऱ्यातील केलाँग येथे २०१५ मध्ये राज्य सरकार व अपोलो समूह यांच्या भागीदारीतून तातडीच्या दूरचिकित्सेची सोय करण्यात आली. हिवाळ्यात हा प्रदेश बर्फाने वेढला जातो. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून केलाँगचा मनालीशी संपर्क पुष्कळ सुधारला आहे. परंतु कुंझुम खिंड हिवाळ्यात बंदच असते आणि काझाच्या रुग्णासाठी प्रवास अजूनही लांबचा आहे. येथे दूरसल्ल्याचा हेतू रुग्णाला पुढे नेईपर्यंत स्थिर ठेवणे हा असतो.

त्यामुळे कोट्यवधी सल्ल्यांचा आकडा जाहीर होतो, तेव्हा त्यापुढे आणखी काही आकडे विचारले जाणे योग्य ठरेल. लिहून दिलेले औषध किती रुग्णांना त्याच दिवशी मिळाले? पुढे पाठविलेले रुग्ण प्रत्यक्षात मोठ्या रुग्णालयात पोहोचले काय? तज्ज्ञ पडद्यावर उपलब्ध झाले, म्हणून ग्रामीण रुग्णालयातील रिक्त पदे भरण्याची निकड कमी झाली असे मानले गेले काय? यांतील शेवटच्या प्रश्नात खरा धोका आहे. प्रसूतीतील गुंतागुंत सोडविण्यासाठी शस्त्रक्रियागृहात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ हजर असावे लागतात. आरंभी उल्लेखिलेली ७४.२ टक्क्यांची तूट कोणत्याही संगणकीय जाळ्याने भरून निघणारी नाही.

वीज आणि इंटरनेट यांची अडचण सर्वज्ञात आहे. गावोगावच्या ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याचा भारतनेट प्रकल्प २०११ मध्ये मंजूर झाला आणि दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत तो पोहोचला आहे. मात्र ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत आलेली तार पुढे उपकेंद्रापर्यंत नेण्याचे काम अनेक ठिकाणी शिल्लक राहते. खासगीपणाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. एकाच खोलीच्या उपकेंद्रात, बाहेर रांग लागलेली असताना, एखाद्या स्त्रीने आपली तक्रार ध्वनिवर्धकावरून डॉक्टरांना सांगावी, अशी अपेक्षा करणे अवघडच. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा संमत झाला आहे. तो संगणकातील नोंदींचे रक्षण करू शकेल, पण पातळ दाराचे काय करावे, हे त्यात लिहिलेले नाही. साधा श्रवणसंच आणि एक पडदा एवढ्यानेही हे काम पुष्कळ सुकर होऊ शकते.

ई-संजीवनी सेवा विनामूल्य आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात जाऊन किंवा ई-संजीवनीच्या मोबाइल अॅपद्वारे तिचा लाभ घेता येतो. नोंदणीसाठी मोबाइल क्रमांक आवश्यक असून, बाह्यरुग्ण सेवेच्या वेळा आणि उपलब्ध तज्ज्ञ राज्यागणिक वेगवेगळे आहेत. सल्ला घेताना पूर्वीच्या औषधचिठ्ठ्या, तपासणीचे अहवाल आणि सध्या सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे जवळ ठेवावीत. औषधचिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक असल्याची खात्री करून घ्यावी. छातीत तीव्र वेदना, श्वास घेण्यास त्रास, बेशुद्धी, मोठा रक्तस्राव किंवा सर्पदंश अशा प्रसंगी दूरसल्ल्याच्या रांगेत न थांबता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.